खारीचे कोठार
(परिसर अभ्यासाच्या अध्यापनासंबंधी शिक्षण परिषदेत दिलेले व्याख्यान)



आजच्या परिषदेत मी खारीविषयी बोलणार आहे, हे ऐकून आपणांपैकी कित्येकांना नवल वाटले असेल. पटनोंदणी, उपस्थिती, वाचनलेखनात मागे राहिलेली मुले असे भारदस्त विषय समोर असताना विस्तार अधिकाऱ्याने एका वीतभर प्राण्यासाठी आपला वेळ घ्यावा, हे काहींना अप्रस्तुतही वाटेल. परंतु मला जे सांगावयाचे आहे ते या प्राण्याच्या आधाराने जितके सुलभपणे सांगता येईल तितके दुसऱ्या कशाच्याही आधाराने सांगता येणार नाही. शिवाय त्यात माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक आहे आणि ती मीच सांगितली पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात, मग ते गोदाकाठचे गंगाखेड-सोनपेठ असो की जिंतूरचा डोंगराळ भाग असो, खार नाही अशी शाळा मला आजवर आढळलेली नाही. मधल्या सुट्टीत पोषण आहाराची पंगत उठली की व्हरांड्याच्या कडेला ती हजर होते. पुढच्या दोन्ही पायांत भाताचे शीत धरून, शेपूट पाठीवर घेऊन, ती ते कुरतडते. कोणी खाकरले की सरसर लिंबाच्या खोडावर चढते आणि वरून आपणांस ओरडत राहते. मुले तिला रोज पाहतात. आपणही पाहतो. मात्र वर्गात खारीचा पाठ आला म्हणजे आपण सर्वजण खिडकीकडे पाठ करून भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका द्विशिक्षकी शाळेत होतो. प्राण्यांच्या सवयी शिकविण्यासाठी मी बाजारातून एक रंगीत तक्ता आणला होता. त्यावर झुपकेदार शेपटीची, अंगावर एकही पट्टा नसलेली खार होती. भोवती बर्फ होते आणि झाडाच्या ढोलीत फळांचा ढीग होता. त्या तक्त्यावरून मी पाठ घेतला आणि पुढे घटक चाचणीत प्रश्न घातला, 'खार हिवाळ्यासाठी काय करते?' अपेक्षित उत्तर होते, 'दाणे व फळे साठवून ठेवते.' चौथीच्या वर्गातील एका मुलीने लिहिले होते, 'आमची खार हिवाळ्यात बोरं खाते. खळ्यावरचे दाणे खाते. ती काही साठवत नाही.' मी त्यावर लाल फुली मारली. उत्तरपत्रिका वाटल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, 'गुरुजी, हिवाळ्यात तर समदंच पिकतंय. मग साठवायचं कशाला?' मी म्हणालो, 'शिकवलं तेच लिहायचं. बैस खाली.' ती बसली. त्यानंतर त्या मुलीने मला त्या वर्षात दुसरा प्रश्न विचारला नाही.

त्या वेळी मला यात काही वावगे दिसले नाही. वर्ग शांत झाला, गुणपत्रक पूर्ण झाले. पुढे काही वर्षांनी पौष महिन्यात एका शेतात हुरड्यास गेलो असता बांधावरच्या बोरीवर खारींची धावपळ पाहिली. ताटात गरम हुरडा होता, शेजारी ओला हरभरा होता, तुरीच्या शेंगा उकडत होत्या. तेव्हा तो प्रश्न मला पुन्हा ऐकू आला. हिवाळ्यात तर सगळेच पिकते. मग साठवायचे कशाला?

बंधुभगिनींनो, तो प्रश्न शास्त्राचा होता. त्याचे उत्तर देणे माझे काम होते आणि ते मला येत नव्हते. आज ते आपणांपुढे मांडण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की तो तक्ता खोटा नव्हता. तो दुसऱ्या देशाचा होता. उत्तर अमेरिकेत करड्या रंगाची खार राहते. तेथे पानगळीच्या दिवसांत ओक, अक्रोड इत्यादी वृक्षांना भरपूर फळे येतात आणि पुढे कित्येक महिने झाडे उघडीबोडकी होतात, जमीन गोठते, बर्फ पडते. ही खार हिवाळाभर झोपून राहत नाही. वृक्षांवर राहणाऱ्या खारी हिवाळी निद्रा घेत नाहीत. त्यांना थंडीतही रोज खावे लागते. यास्तव ती पानगळीत फळे गोळा करून जमिनीत पुरून ठेवते. पुरण्याची तिची रीत पाहण्याजोगी आहे. सगळा ठेवा ती एका खड्ड्यात ठेवीत नाही. एका ठिकाणी एक फळ, अशी शेकडो ठिकाणी वाटून ठेवते, जेणेकरून एखाद्या चोराला एक ठिकाण सापडले तरी बाकीचे सुरक्षित राहावे. दुसरी खार पाहत असेल तर ती नुसताच खड्डा उकरून पुरल्याचे सोंगही करते. ओकच्या काही जातींची फळे पडताच रुजू लागतात. ती रुजली तर तिचा साठा वाया जाणार, म्हणून अशा फळाचा कोंब फुटण्याची जागा दातांनी कुरतडून मगच ती फळ पुरते.

पुरलेली फळे तिला पुन्हा सापडतात कशी, असे मुले हमखास विचारतील. वासाने सापडतात हे खरेच. परंतु केवळ वासाने नव्हे. १९९१ साली ल्युसिया जेकब्स व एमिली लिमन या दोन संशोधक स्त्रियांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच आवारात निरनिराळ्या वेळी सोडलेल्या खारींना प्रत्येकी दहा फळे पुरू दिली आणि काही दिवसांनी त्यांना पुन्हा तेथे सोडले. प्रत्येक खारीने दुसरीने पुरलेल्या जागांपेक्षा स्वतःच्या जागा अधिक शोधून काढल्या. वास सर्व फळांना सारखाच असतो. तेव्हा हा फरक स्मरणशक्तीचा होता. जी फळे विसरली जातात त्यांतून पुढे वृक्ष उगवतात, आणि त्या देशांतील कित्येक अरण्ये अशा विस्मरणावर वाढलेली आहेत.

त्याच खंडातील तांबडी खार याच्या उलट वागते. ती देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांची शंकूच्या आकाराची फळे एकाच जागी रचून मोठा ढीग करते आणि त्या ढिगाचे दिवसभर रक्षण करते. चिपमंक नावाची तिची एक लहान बहीण गालांतील पिशव्यांत दाणे भरून बिळातल्या कोठीत नेते. म्हणजे साठविण्याच्याही तऱ्हा आहेत, आणि प्रत्येक तऱ्हेमागे त्या त्या भूमीचे कारण आहे.

आता आपल्या खारीकडे वळू. पाठीवर पट्टे असलेल्या ज्या लहान खारी आपण पाहतो त्यांच्या मुख्यतः दोन जाती. एकीच्या पाठीवर तीन फिकट पट्टे असतात. तिला लिनियसने १७६६ साली शास्त्रीय नाव दिले. दुसरीच्या अंगावर पाच असतात, मधले तीन ठळक आणि दोन्ही कुशींकडे एकेक. तिचे वर्णन रॉटन याने १९०५ साली केले. तीन पट्ट्यांची खार ही प्रामुख्याने दक्षिणेकडची, आणि पाच पट्ट्यांची ही उत्तरेकडून दख्खनपर्यंतच्या कोरड्या, मोकळ्या मुलखातली. प्रभू रामचंद्रांनी सेतू बांधताना मदत करणाऱ्या खारीच्या पाठीवरून बोटे फिरविली आणि त्यांचे पट्टे उमटले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे; 'खारीचा वाटा' हा शब्दप्रयोग त्या कथेतूनच आपल्या भाषेत आला. ही कथा मुलांना अवश्य सांगावी. मात्र कथा सांगून झाल्यावर मुलांना अंगणात न्यावे आणि म्हणावे, 'आता मोजा.' कथेत बोटे तीन असतील आणि शाळेच्या लिंबावरील खारीच्या अंगावर मुलांनी पट्टे पाच मोजले, तर कथाही राहू द्यावी आणि पाचही राहू द्यावेत. कथेचे काम निराळे, मोजण्याचे काम निराळे. दोन्ही कामे शाळेचीच आहेत.

खार ही उंदराप्रमाणे कुरतडणाऱ्या प्राण्यांत मोडते. तिचे समोरचे वर दोन आणि खाली दोन असे चार दात पटाशीसारखे असतात आणि ते जन्मभर वाढतच राहतात. कठीण कवच, शेंग, साल कुरतडल्याने ते झिजतात व बेतात राहतात. म्हणून पोटासाठी आणि दातांसाठीही तिला कुरतडावे लागते. तिचा आहार केवळ दाणे आणि फळे एवढाच नाही. कोवळे कोंब, कळ्या, झाडाची साल, फुलांतील मध, कीटक आणि त्यांच्या अळ्या हे सर्व ती खाते. संधी मिळाल्यास पक्ष्याचे अंडेही सोडीत नाही. गोष्टींच्या पुस्तकातली खार शुद्ध शाकाहारी असते. परसातली नसते, हेही मुलांना कळावयास हरकत नाही.

तिचे वर्ष कसे जाते ते आपल्या महिन्यांप्रमाणे पाहू.

चैत्र-वैशाखात शेते मोकळी आणि जमीन तापलेली असते. पण आंब्याला कैऱ्या असतात, पुढे पाड लागतो, आणि वड, पिंपळ, उंबर यांची फळे मिळतात. या दिवसांत भर दुपारी ती सावलीत पडून राहते. सकाळी आणि उन्हे कलल्यावर हिंडते. ज्येष्ठ-आषाढात जांभळे पिकतात आणि लिंबोळ्यांचा सडा पडतो. श्रावण-भाद्रपदात कीटकांची चंगळ असते, गवताला बी धरते, मूग-उडदाच्या शेंगा भरतात. आश्विन-कार्तिकात सीताफळे फुटतात, भुईमूग उपटला जातो, खरिपाच्या खळ्यावर दाणे सांडतात. मार्गशीर्ष-पौषात बोरे, पेरू, तूर, हरभऱ्याचे घाटे. आणि रब्बीची ज्वारी हुरड्यावर येते. माघ-फाल्गुनात चिंचा पिकतात आणि सावर, पळस फुलतात.

हा क्रम पाहिल्यावर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप हाती येते. जेथे तक्ता छापला गेला तेथे हिवाळा हा उपासाचा काळ होय. आपल्याकडे हिवाळा हा सुगीच्या तोंडाचा, भरल्या शिवाराचा काळ होय. संक्रांतीच्या सुगडात आपल्या घरच्या स्त्रिया काय घालतात ते आठवा. बोरे, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, गव्हाची ओंबी. हे सुगड म्हणजे पौष महिन्यात शिवारात काय पिकलेले असते त्याची यादीच आहे. अशा दिवसांसाठी खारीने कोठार भरावे कशाला? आपल्याकडे ओढाताण होते ती उन्हाळ्यात, आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी. त्या उन्हाळ्यातही आंबा, वड, उंबर यांसारखी झाडे फळतात, कारण त्यांची मुळे खोल असतात. आपली खार एखादा तुकडा तोंडात धरून ढोलीकडे किंवा भिंतीच्या फटीकडे नेताना मुलांना दिसेलही. पण सहा महिन्यांच्या बेगमीचे कोठार ती भरीत नाही. तिचे कोठार बांधावर आणि गावठाणात उभेच असते, आणि त्याचे एकेक दार एकेका महिन्यात उघडते. ते कोठार म्हणजे झाडे.

घरट्याची गोष्ट मात्र वेगळी. गवत, काथ्या, चिंध्या आणि आपल्या भागात कापूस असे मऊ सामान तोंडात धरून ती वारंवार एकाच दिशेने जाताना दिसली तर ती अन्न साठवीत आहे असे समजू नये. ती पिलांसाठी घरटे करीत असते. मोठ्या माणसांचाही येथे घोटाळा होतो. आपल्या राज्याचा राज्यप्राणी शेकरू, जो सह्याद्रीच्या दाट जंगलांत राहतो आणि ज्याच्यासाठी भीमाशंकरचे अभयारण्य प्रसिद्ध आहे, तोही खारीच्याच कुळातला. तो झाडांच्या शेंड्यांवर एकाहून अधिक घरटी बांधतो. शेकरू आपल्या जिल्ह्यात नाही. पण मुलांनी त्याचे चित्र पाहिले असेल, तर घरच्या खारीशी त्याची तुलना करण्यास ते उपयोगी पडेल.

मग आपल्या शिवारात साठविणारे कोणीच नाही काय? आहे, आणि येथेच या पाठाला खरी रंगत आहे. शेतातला उंदीर साठवितो. ज्वारीची व गव्हाची कणसे तो बिळातल्या कोठीत ओढून नेतो. दुष्काळात गोरगरिबांनी उंदरांची बिळे उकरून धान्य काढल्याच्या आठवणी जुनी माणसे सांगतात. दाणे गोळा करणारी मुंगी साठविते. तिच्या बिळाच्या तोंडाभोवती कोंड्याचे वर्तुळ दिसते, आणि पावसात भिजलेले दाणे ती ऊन पडल्यावर बाहेर आणून वाळविते. आणि सर्वांत मोठा साठविणारा म्हणजे आपण स्वतः. मराठवाड्यातील माळवदाच्या घरात भिंतीच्या जाडीत बळद असे. बांबूच्या कणग्या शेणामातीने लिंपून त्यांत धान्य भरीत. ज्वारीसाठी जमिनीत पेव खणीत, त्याला कडब्याचे अस्तर देऊन तोंड मातीने बंद करीत. पेव उघडल्यावर आत लगेच कोणी उतरत नसे, कारण कोंडलेली दूषित हवा जीवघेणी ठरे. धान्याला कीड लागू नये म्हणून त्यात वाळलेला लिंबाचा पाला घालण्याची रीत अद्यापही घरोघर आहे.

उंदीर, मुंगी आणि माणूस साठवितात आणि खार साठवीत नाही, यामागचे तत्त्व मुलांना सोप्या शब्दांत सांगता येते. ज्याचे अन्न वर्षातून एकदाच भरपूर येते आणि मग संपते, तो साठवितो. ज्वारीचे पीक एकदा येते आणि भाकरी बारा महिने लागते, म्हणून पेव. ज्याचे अन्न अनेक प्रकारचे असते आणि पाळीपाळीने येत राहते, तो हिंडतो आणि मिळेल ते ताजे खातो. आपल्या खारीचे तसे आहे. अमेरिकेतील खार आणि आपली खार यांच्या स्वभावात एक उद्योगी आणि एक आळशी असा भेद नाही. भेद झाडांच्या आणि ऋतूंच्या वेळापत्रकात आहे. 'खारीसारखे काटकसरी व्हा' असा बोध काढून पाठ संपविणाऱ्या शिक्षकाने हे लक्षात घ्यावे.

याच तत्त्वातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती आपल्या जिल्ह्यापुरती महत्त्वाची आहे. पेव रिकामे झाले तर माणूस दुसऱ्या गावाहून धान्य आणतो. खारीचे कोठार म्हणजे बांधावरची बोर, बाभूळ, लिंब, चिंच, जांभूळ, उंबर. यांतले एक झाड तोडले की तिच्या वर्षातला एक महिना रिकामा होतो. बांध कोरले जातात, रस्ते रुंद होतात, जुनी चिंच सावलीमुळे पीक येत नाही म्हणून जाते. शेतकऱ्याच्या अडचणी खऱ्या आहेत. त्याला दोष देण्यासाठी मी हे बोलत नाही. परंतु 'झाडे लावा' हे घोषवाक्य मुलांकडून शंभरदा म्हणवून घेण्यापेक्षा, 'आपल्या शाळेच्या खारीला वैशाखात काय मिळते?' हा एक प्रश्न विचारला, तर शाळेच्या आवारात कोणते झाड लावावयाचे ते मुलेच सांगतील. त्यांनी उंबर सुचविले तर त्यामागे कारण असेल, आणि कारण असलेल्या झाडाला मुले पाणी घालतात असा माझा अनुभव आहे.

आता अध्यापनाची रीत. त्यासाठी खर्च नाही, साहित्य नाही, वेगळी तासिकाही नाही. चार किंवा पाच मुलांचा एक गट करावा आणि प्रत्येक गटास एक झाड नेमून द्यावे. आठवड्यातून दोन वेळा, सकाळी शाळा भरण्यापूर्वी किंवा मधल्या सुट्टीत, दहा मिनिटे त्या झाडापासून दहा पावलांवर शांत बसावे. वहीच्या एका पानावर सहा रकाने आखावेत: दिनांक, वेळ, खार कोठे होती, तिने काय खाल्ले, तेथेच खाल्ले की तोंडात धरून नेले, आणि काय टाकून दिले. सहावा रकाना अनेकजण विसरतात. वस्तुतः तोच सर्वांत बोलका असतो. कुरतडलेली कोय, अर्धी बोर, शेंगेचे टरफल मुलांनी गोळा करून कागदावर डकवावे आणि खाली नाव लिहावे.

दुसरा एक साधा प्रयोग. एका सपाट दगडावर ज्वारीचे वीस दाणे आणि भुईमुगाच्या दहा शेंगा मोजून ठेवाव्यात आणि दुरून पाहावे. किती तेथेच खाल्ले गेले, किती नेले, नेले ते कोणत्या दिशेने, आणि नेलेल्याचे काय झाले? चिमणी, मैना, मुंगी यांनी किती नेले तेही लिहावे. हा प्रयोग पौषात एकदा आणि वैशाखात एकदा करावा व दोन्ही पाने शेजारी ठेवावीत. यात बेरीज-वजाबाकी आहे, दिशाज्ञान आहे, वाक्यरचना आहे. द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र बसतात, ही येथे अडचण न राहता सोय होते. पहिलीचे मूल मोजील, चौथीचे लिहील. घरच्या अभ्यासासाठी एकच प्रश्न द्यावा: 'आजी-आजोबांच्या वेळी आपल्या घरी धान्य कशात साठवीत, आणि का?' माझी खात्री आहे की ज्या घरात मुलाच्या अभ्यासाकडे कोणी वळून पाहत नाही, त्या घरातली आजीही या प्रश्नाला उत्तर देण्यास बसेल.

काही पथ्ये सांभाळली पाहिजेत. घरटे उसकटू नये. पिलू खाली पडलेले दिसले तर त्याला खेळण्यासारखे हाताळू नये, जवळच्या आडोशाला ठेवून दूर व्हावे, म्हणजे मादी त्याला उचलून नेण्याचा संभव राहतो. खारीला पकडून पिंजऱ्यात ठेवू देऊ नये. तळलेले, खारट, गोड पदार्थ तिला घालू नयेत. चावली तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन मुलास आरोग्य केंद्रात न्यावे. उन्हाळ्यात मात्र एका पसरट भांड्यात सावलीला पाणी ठेवावे आणि ते बदलण्याची पाळी मुलांना लावून द्यावी.

शेवटी उत्तरपत्रिकेविषयी. मुलाने पुस्तकाहून निराळे उत्तर लिहिले तर ते डोळे झाकून बरोबर द्यावे, असे मी म्हणत नाही. मूल एकदा पाहते आणि 'नेहमी' असे लिहिते. आपल्या बांधावर पाहते आणि 'सगळीकडे' असे समजते. त्या मुलीने 'ती काही साठवत नाही' असे लिहिले होते. तेही तपासून पाहण्याजोगेच वाक्य होते. यासाठी तीन प्रश्न आहेत आणि ते प्रत्येक शिक्षकाच्या जिभेवर असावेत: कोठे पाहिलेस? केव्हा पाहिलेस? कितीदा पाहिलेस? हे प्रश्न मी तिला विचारले असते तर तिने आणखी पाहिले असते, साऱ्या वर्गाने पाहिले असते, आणि ज्या उत्तरापर्यंत पोचावयास मला इतकी वर्षे लागली तेथे ती मुले फाल्गुनापर्यंत पोचली असती. ते न करता मी फुली मारली. ती फुली उत्तरावर नव्हती. ती तिच्या पाहण्यावर होती. पुढे ती मुलगी पाहत राहिली असेल, पण तिने पाहिलेले शाळेत सांगण्याजोगे नसते एवढे मात्र मी तिला शिकविले.

आज ती बाई चाळिशीकडे झुकली असेल. कदाचित तिचे मूल आपणांपैकीच कोणाच्या वर्गात बसत असेल. त्याने उद्या उभे राहून काही विचारले तर त्याला खाली बसवू नका, एवढीच विनंती करण्यासाठी मी आज उभा राहिलो.

पुढील परिषदेस येताना प्रत्येक शाळेने खारीचे एक पान सोबत आणावे. पान मुलांच्या हस्ताक्षरात असावे; चुका असल्या तर असू द्याव्यात, पण रकाने खरे असावेत. नऊ तालुक्यांची अशी पाने एकत्र आली म्हणजे आपल्या खारीच्या बारा महिन्यांचा तक्ता आपणांस बाजारातून आणावा लागणार नाही. तो आपल्या मुलांनी तयार केलेला असेल, आणि त्यावर बर्फ नसेल.